बीडच्या बांधावरची पीएच.डी.

पायथागोरसच्या नावावर प्रमेय आहे, न्यूटनच्या नावावर नियम. बीडच्या नावावर एक सूत्र आहे : ८०-११०. विमा कंपन्यांत आणि कृषी खात्यात त्याला 'बीड पॅटर्न' म्हणतात आणि दुसऱ्या जिल्ह्याचा माणूसही हा शब्द ऐकला की कागद-पेन्सिल काढतो.

झालं असं की २०२० च्या खरिपात पीक विम्यासाठी बीड जिल्ह्याला कंपनीच मिळेना. पाऊस कधी दोन महिने गायब, कधी काढणीच्या आठवड्यात धो-धो. असा जिल्हा अंगावर कोण घेणार? शेवटी सरकारी मालकीची भारतीय कृषी विमा कंपनी आली, पण वेगळ्या अटींवर. नुकसानभरपाई गोळा झालेल्या हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंत गेली तर ती कंपनीनं सोसायची. त्याच्या वरची राज्य सरकारनं. उलट वर्ष बरं गेलं आणि भरपाई ८० टक्क्यांच्या आत राहिली, तर कंपनीनं हप्त्यातले २० टक्के खर्च आणि नफा म्हणून ठेवायचे, उरलेला पैसा सरकारला परत. शेत बटईनं देतात तसा इथं तोटाच बटईनं दिला. २०२२ मध्ये हाच नमुना अख्ख्या महाराष्ट्राला लागू झाला.

मॅनेजमेंटच्या वर्गात शिकवावं असं हे प्रकरण. फक्त एक खोच ध्यानात ठेवायची : या सूत्रात वाटणी कंपनी आणि सरकार यांच्यात होते. शेतकऱ्याचं नुकसान किती धरायचं, पंचनामा कधी करायचा, हे सूत्राच्या बाहेरच राहतं. त्यावर अजून कुणाच्या नावाचा पॅटर्न नाही.

उचल घेताना डोकं कुठं असतं?

२०१३ साली 'सायन्स' या जगप्रसिद्ध नियतकालिकात तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांवरचा एक निबंध छापून आला. आनंदी मणी, सेंधिल मुल्लईनाथन, एल्डर शफीर आणि जियाइंग झाओ हे त्याचे लेखक. त्यांनी एकाच शेतकऱ्याची बुद्धीची चाचणी दोनदा घेतली. एकदा ऊस जाण्याआधी, म्हणजे खिसा रिकामा असताना; दुसऱ्यांदा बिल हातात पडल्यावर. माणूस तोच, शेत तेच, पण दुसऱ्या वेळी गुण जास्त. संशोधकांचं म्हणणं असं की पैशाची विवंचना मेंदूतली जागा अडवून बसते आणि इतर विचारांना कमी जागा उरते. गेवराई किंवा वडवणीच्या बाजारात कुणालाही विचारलं असतं तर हा निष्कर्ष चहाच्या कपावर मिळाला असता. पण तो 'सायन्स'मध्ये छापून आणायचा तर ४६४ माणसं दोनदा मोजावी लागतात, हेही खरं.

आता हे बीडला लावून बघा. अभ्यास ऊस लावणाऱ्यांवर होता, तोडणाऱ्यांवर नव्हे. तरी ऊसतोडीचा सगळा व्यवहार उभा आहे तो उचलीवर. हंगामाच्या आधी, पावसाळा संपता संपता, घरात दाणा नसताना मुकादमाकडून रक्कम उचलायची आणि मग कारखान्यावर जाऊन ती फेडायची. पैसे मोजले जातात ते कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. एकीनं सुट्टी घेतली तर खाडा दोघांचा. म्हणजे आयुष्यातला मोठ्यात मोठा करार माणूस नेमका त्या महिन्यात करतो, ज्या महिन्यात, मणी आणि मंडळींच्या मते, त्याचं डोकं पैशात अडकलेलं असतं. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला आणि टनाला २७३ रुपयांवरून ३६६ वर गेला. ही वाढ मिळाली ती संघटनांनी संप आणि बैठका केल्यामुळे. कुठल्याही शोधनिबंधाचा तिच्यात हात नव्हता.

मासा विकला, कांदा नाही

मोबाइल आला की शेतकऱ्याला भाव मिळतो, हे वाक्य इतक्या भाषणांत ऐकलंय की ते आता पाठ झालंय. त्याचा उगम बराचसा केरळात आहे. रॉबर्ट जेन्सन या अर्थतज्ज्ञानं उत्तर केरळच्या किनाऱ्यावरच्या तारली पकडणाऱ्या मच्छीमारांचा अभ्यास केला. १९९७ ते २००१ या काळात तिथं टप्प्याटप्प्यानं मोबाइलचे टॉवर उभे राहिले. होडीतूनच फोन करून कुठल्या बंदरात गिऱ्हाईक आहे ते कळू लागलं आणि मासा फेकून देणं जवळजवळ थांबलं. कोळ्यांचा नफा सरासरी ८ टक्के वाढला, खाणाऱ्याला मासा ४ टक्के स्वस्त पडला. विकणारा आणि घेणारा दोघंही खूश असा व्यवहार अर्थशास्त्रात वर्षातून एखाददुसरा सापडतो, त्यामुळे हा निबंध गाजला.

मग तोच प्रयोग आपल्याकडे झाला. मार्सेल फाफशां आणि बार्ट मिंटन या दोघांनी महाराष्ट्रातली १०० गावं निवडली. काही गावांतल्या शेतकऱ्यांना बाजारभाव आणि हवामान सांगणारी एसएमएस सेवा फुकट दिली, काहींना दिली नाही. नगरचा कांदा आणि लातूरचं सोयाबीन त्यात होतं, म्हणजे बीडच्या पश्चिमेचा शेजारी आणि पूर्वेचा शेजारी, दोघंही. २०१२ साली निकाल छापला : मिळालेल्या भावात सरासरी काही फरक नाही. शून्य!

कारण? माझा अंदाज सांगतो. मासा संध्याकाळपर्यंत नासतो आणि होडीला कुठल्याही बंदरात वळता येतं. कांद्याचं पोतं वळत नाही. त्याला टेम्पो लागतो, आडत्याची ओळख लागते, आणि बऱ्याचदा त्याच आडत्याकडून आधी घेतलेले पैसे असतात. लातूरचा भाव मोबाइलवर दिसला म्हणून पाटोद्याचा शेतकरी लातूरला जातोच असं नाही. तरी भाषणांत केरळचाच मासा चालू आहे.

डाखाऊमधून सुटलेला माणूस आणि गावचा रेडिओ

१९५६ च्या वसंतात पुणे आकाशवाणीनं एक प्रयोग केला. त्याला युनेस्कोचा पाठिंबा होता. मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांचे गट बसवले. आठवड्यातून दोनदा रेडिओवर शेतीचा कार्यक्रम ऐकायचा, मग सगळ्यांनी मिळून चर्चा करायची, ठराव करायचा, प्रश्न पुण्याला पत्रानं पाठवायचे आणि उत्तर पुढच्या कार्यक्रमात ऐकायचं. ऐका, बोला, करा, असा सगळा मामला.

याचं मूल्यमापन केलं मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं आणि त्याचं नेतृत्व केलं पॉल नॉइराथ यांनी. हा व्हिएन्नाचा समाजशास्त्रज्ञ हिटलरच्या डाखाऊ आणि बुखेनवाल्ड या छळछावण्यांतून सुटून अमेरिकेत गेला होता. तिथून तो आला थेट आपल्या पारावर, कांदा-ज्वारीच्या चर्चा मोजायला. आणि मोजल्या त्याही काटेकोर : काही गावं अशी घेतली की जिथं रेडिओ होता पण गट नव्हता, आणि काही अशी की जिथं रेडिओही नव्हता. औषधाची चाचणी करताना डॉक्टर जी पद्धत वापरतात, तीच गावाला लावली. निष्कर्ष : नुसत्या रेडिओनं फारसं काही होत नाही, रेडिओ अधिक गट असेल तर माणसं बरंच शिकतात आणि गावात कामंही होतात. एसएमएसच्या शून्याचं उत्तर छप्पन्न साली देऊन ठेवलेलं होतं असं मला वाटतं, पण ते वाचायला फाफशां-मिंटन यांच्या वेळी एसएमएस कंपनीकडे वेळ नसावा.

बीड या प्रयोगात नव्हतं. तेव्हा ते हैदराबाद राज्यात होतं. मुंबई राज्यात आलं त्याच वर्षी, पण १ नोव्हेंबरला. काही महिन्यांनी हुकलं.

क्लोरोफॉर्म, निजाम आणि रूपाबाई

हैदराबादचा विषय निघालाच आहे तर एक जुनी भानगड. १८८८-८९ साली, म्हणजे बीड निजामाच्या राज्यात आणि अंबाजोगाई 'मोमिनाबाद' नावाची घोडदळाची छावणी असताना, जगातल्या डॉक्टरांत एक भांडण पेटलेलं होतं : क्लोरोफॉर्म दिल्यावर रुग्ण दगावतो तो श्वास थांबून की हृदय बंद पडून? हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी म्हणत, श्वासाकडे लक्ष ठेवा, हृदय सुरक्षित आहे. लंडनच्या 'लॅन्सेट'ला ते पटेना. तेव्हा सहाव्या निजामानं, महबूब अली खान यांनी, १००० पौंड मोजून लॅन्सेटचा प्रतिनिधीच हैदराबादला बोलावला. सर लॉडर ब्रंटन आले, शेकडो जनावरांवर प्रयोग झाले आणि त्यासाठी नेमलेल्या आयोगानं लॉरींच्या बाजूनं कौल दिला. ज्या तिजोरीतून हे पौंड गेले तिच्यात बीडचा शेतसाराही जमा होत होता, एवढं आपलं योगदान.

गंमत पुढे आहे. कौल चुकीचा निघाला. १९११ मध्ये ए. जी. लेव्ही यांनी दाखवून दिलं की हलक्या मात्रेतला क्लोरोफॉर्मही हृदयाची लय बिघडवून एका झटक्यात माणूस मारू शकतो. पण लॉरींच्या वैद्यकीय शाळेनं एक पक्कं काम करून ठेवलं : तिथं शिकलेल्या रूपाबाई फर्दूनजी यांनी रुग्णांना भूल देण्याचं काम पत्करलं आणि जगातल्या सुरुवातीच्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांचं नाव घेतलं जातं. सिद्धान्त पडला, बाई टिकल्या.

मोमिनाबादचंही पुढे भलं झालं. घोडदळ गेलं. स्वामी रामानंद तीर्थ यांनी त्या गावात शाळा चालवली, आणि १९७४ मध्ये त्यांच्याच नावानं तिथं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय अशी त्याची ओळख अंबाजोगाईकर अभिमानानं सांगतात, आणि त्याच दमात आद्यकवी मुकुंदराजांची समाधीही दाखवतात. दासोपंतांची पासोडी बघायला मात्र विसरू नका. पंचीकरणासारखा वेदान्तातला किचकट विषय या गृहस्थांनी सोळाव्या-सतराव्या शतकाच्या सांध्यावर कापडावर लिहून काढला. हल्ली परिषदांत शोधनिबंधाचं पोस्टर लावतात ना, त्याचा हा पणजोबा.

बहात्तर हजार किलोमीटरचा शॉर्टकट

इस्रोच्या मदतीनं महाराष्ट्रानं टेलिमेडिसिनचा पहिला प्रयोग केला तेव्हा मुंबईच्या केईएम रुग्णालयाला पाच जिल्हा रुग्णालयं जोडली होती, त्यांत बीड एक. बीडहून मुंबई रस्त्यानं सुमारे चारशे किलोमीटर. उपग्रह मात्र विषुववृत्ताच्या वर ३६ हजार किलोमीटरवर, म्हणजे एक्स-रे वर जाणार ३६ हजार आणि खाली येणार ३६ हजार. चारशेसाठी बहात्तर हजारांचा वळसा! तरी पाव सेकंदात पोचतो, आणि घाटात ट्रक आडवा झालेला नसतो.

आता पृथ्वीवरचा टॉवर. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेनं ५जी कशाला म्हणावं याच्या परीक्षा ठरवल्या तेव्हा 'खेडं' या प्रकारात दोन टॉवरमधलं अंतर १७३२ मीटर धरलं होतं. भारतीय मंडळींनी, आयआयटी मद्रास आणि आयआयटी हैदराबादच्या संशोधकांसह, हरकत घेतली : आमच्याकडे दर पावणेदोन किलोमीटरवर टॉवर कोण लावणार? फायबर ग्रामपंचायतीपर्यंत येईल, तिथं एक टॉवर, आणि आजूबाजूच्या वाड्या-वस्त्या-तांडे त्याच्याच भरवशावर. हरकत मान्य झाली आणि ६ किलोमीटरची एक परीक्षा वाढली. हिच्यात गाडीचा वेग धरला आहे ताशी ३० किलोमीटर. इतर ग्रामीण परीक्षांत तो १२० आणि ५०० असतो. ५०० म्हणजे बुलेट ट्रेन. बीडला साधी ट्रेन पोचली १७ सप्टेंबर २०२५ ला, अहिल्यानगरहून, मंजुरी मिळाल्यावर तीस वर्षांनी. दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरला ताशी ३० हा वेगही जरा जास्तच, पण निदान समितीला दिशा सापडली.

आणि ज्याला टॉवर लागतच नाही असं वायरलेस? वीज. आकाशातली. जुन्या रेडिओवर गाणं चालू असताना वीज कडाडली की खर्रर्र व्हायचं, आठवतं? विजेच्या प्रत्येक लोळातून रेडिओ लहरी निघतात. रशियन शास्त्रज्ञ अलेक्झांडर पोपोव्ह यांनी ७ मे १८९५ ला जो ग्राहक जगाला दाखवला तो पुढे हवामानखात्याच्या कामासाठी वादळाची वर्दी द्यायलाच लावला होता. म्हणजे रेडिओ माणसाचं बोलणं ऐकायला शिकला त्याच्या आधी ढगांचं ऐकत होता. पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आज तेच करते. देशभर बसवलेले संवेदक एकाच लोळाच्या लहरी किती सूक्ष्म अंतरानं ऐकू आल्या ते पाहून वीज कुठं पडली ते ठरवतात, आणि संस्थेचं 'दामिनी' ॲप तुमच्यापासून २० किंवा ४० किलोमीटरच्या परिघात धोका असेल तर सांगतं. वळवाच्या पावसात लिंबाखाली शेळ्या घेऊन उभ्या राहणाऱ्या पोरापर्यंत ही सूचना पोचायला त्याच्याकडे स्मार्टफोन हवा, रेंज हवी, आणि झाडाखालून निघायला आसपास पक्कं छप्पर हवं. पहिल्या दोन गोष्टींवर संशोधन जोरात आहे.

विंचू, बीपीची गोळी आणि शेजारचं जामखेड

जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा एक मुलगा डॉक्टर झाला आणि १९७६ मध्ये कोकणात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. तिथं लाल विंचू चावलेली माणसं यायची आणि फुप्फुसात पाणी भरून मरायची. हिम्मतराव बावस्कर रात्र-रात्र रुग्णाशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम टिपत राहिले. त्यांची निरीक्षणं 'लॅन्सेट'मध्ये १९८२ साली आली. मग प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी त्यांनी वापरून पाहिली. विषामुळे शरीरात जे रसायनांचं वादळ उठतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, त्याच्या नेमकं उलट ती काम करते. शंभरातले चाळीस दगावायचे तिथं एखाददुसरा दगावू लागला. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांनी पुढचं दाखवलं की प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिलं तर रुग्ण आणखी लवकर सावरतो. प्रयोगशाळा नाही, अनुदान नाही, विद्यापीठ नाही. २०२२ मध्ये पद्मश्री. पाचटात हात घालणाऱ्या प्रत्येक टोळीनं हे नाव माहीत करून घ्यावं.

बीड जिल्ह्याची हद्द ओलांडली की जामखेड. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दाम्पत्य १९७० मध्ये तिथं आलं. त्या भागात हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत जायची. आरोळ्यांनी गावानं निवडलेल्या, बहुतेक निरक्षर, बऱ्याच दलित अशा बायकांना शिकवलं आणि गावचं आरोग्य त्यांच्या हाती दिलं. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जगभरचे असे प्रयोग एका पुस्तकात मांडले, त्यात जामखेडवर प्रकरण आहे. १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेत 'सर्वांसाठी आरोग्य' ठरलं त्यामागच्या नमुन्यांतही जामखेड धरतात. १९७९ ला मॅगसेसे पुरस्कार. आज आष्टी-पाटोद्याच्या गावात आशाताई दारावर येते ना, तिची वडीलधारी जामखेडची.

पिशवी

इथं चटपटीतपणा जरा बाजूला ठेवतो.

१९८९ मध्ये राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी करून 'लॅन्सेट'मध्ये निबंध लिहिला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता. त्याआधी तपासणी झालेल्या शंभरात जेमतेम आठ. जगाला पहिल्यांदा कळलं की खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे नुसतं बाळंतपण नाही.

तीस वर्षांनी बीडमध्ये याच त्रासावर एक उत्तर रूढ झालेलं आढळलं : पिशवीच काढून टाका. जून २०१९ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं की तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत गर्भाशय काढण्याच्या ४६०५ शस्त्रक्रिया झाल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांचं सर्वेक्षण झालं. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे शंभरात जवळपास १७. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ चं देशाचं प्रमाण होतं ३.२.

याची कारणं एका विषयात मावत नाहीत. फडात शौचालय नाही, कोपीत पाणी नाही, पाळीच्या दिवसांत मोळी डोक्यावर आहेच; हा वैद्यकाचा भाग. एक दिवस गेला की खाडा, हा व्यवसायाचा. अंगावरून जातं, कंबर दुखते, म्हणून गेलेल्या बाईला कॅन्सरची भीती घातल्याचे अनुभव बायकांनीच सांगितले, तो धंद्याचा. ऑपरेशनसाठी पुन्हा उचल, ती फेडायला पुन्हा हंगाम. बीडच्या शून्य ते सहा वयाच्या मुलांच्या आकड्यांतही तंत्रज्ञानाचा असाच हात दिसतो : २००१ मध्ये हजार मुलग्यांमागे ८९४ मुली, २०११ मध्ये ८०७, राज्यात सगळ्यांत खाली. त्यामागचं यंत्र सोनोग्राफीचं.

या प्रकरणात शस्त्रक्रियेला सरकारी डॉक्टरच्या परवानगीची अट जिल्ह्यात आली. तिच्यामुळे काय बदललं आणि काय नुसतं शेजारच्या जिल्ह्यात सरकलं, यावर अंबाजोगाईच्या एखाद्या विद्यार्थ्यानं प्रबंध लिहावा. विषय दारात पडलाय.

डोळे उघडलेलं सीताफळ

बालाघाटच्या डोंगरउतारावर सीताफळ आपोआप येतं. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र अंबाजोगाईला आहे आणि त्यानं दिलेल्या एका वाणाचं नाव आहे 'धारूर-६'. फळाचे डोळे उघडले की तोडायचं आणि दोन-तीन दिवसांत विकायचं. केरळच्या तारलीची आठवण इथं काढायला हरकत नाही, घाईच्या बाबतीत दोघं सख्खे भाऊ.

बी मात्र फेकून देण्याची चीज नाही. पूर्वी आया-बाया ती वाटून उवांसाठी केसांना लावत. शास्त्रज्ञांनी पाहिलं तर बियांत ॲसिटोजेनिन नावाची द्रव्यं निघाली. पेशीचं वीजघर म्हणजे मायटोकॉन्ड्रिया. तिथलं पहिलंच बटण ती बंद करतात. ऊ मरते ती अशी. तीच पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, आणि भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी असे रुग्ण नोंदवलेत. आजीच्या औषधावर विश्वास ठेवा, पण डोळे मिटून.

जाता जाता : बीड तालुक्यातल्या लिंबागणेशहून 'विद्यावार्ता' नावाचं संशोधन नियतकालिक निघतं, बहुभाषिक आणि सगळ्या विषयांना दार उघडं. गणपतीच्या देवळासाठी ओळखल्या जाणाऱ्या गावाचा पत्ता देशभरच्या प्राध्यापकांच्या निबंधांखाली छापला जातो, हे बीडमध्येही अनेकांना ठाऊक नसतं.

पाठीवरचं पाणी

बारामतीत सध्या उसाला सेन्सर लावलेत. मातीतला ओलावा, हवा, उपग्रहाची चित्रं, सगळं एकत्र करून कृत्रिम बुद्धिमत्ता शेतकऱ्याला सांगते की आज पाणी द्या, उद्या नको. मायक्रोसॉफ्टचे सत्या नाडेला यांनी २०२५ च्या जानेवारीत त्याचं जाहीर कौतुक केलं. ऊस वाढतो तो बिनतारी. तोडला जातो तो अजून बराचसा कोयत्यानंच.

तोडणाऱ्याच्या शरीरावरचं गाजलेलं संशोधन मात्र झालं ते मध्य अमेरिकेत. एल साल्वादोर आणि निकाराग्वामध्ये उसाच्या फडात राबणारे तरुण मूत्रपिंड निकामी होऊन मरत होते. मधुमेह नाही, रक्तदाब नाही. उन्हात सतत पाणी तुटणं हा संशयित. तेव्हा एल साल्वादोरमध्ये तोडणी कामगारांच्या एका छोट्या गटाला तीन गोष्टी दिल्या : पाठीवर अडकवायची पाण्याची पिशवी, फडाबरोबर सरकवता येणारा सावलीचा मांडव आणि ठरलेल्या वेळी सक्तीची विश्रांती. शिवाय मूठ आणि पातं सुधारलेला कोयता. २०१६ मध्ये आकडे छापून आले. विश्रांती वाढूनही माणशी रोजची तोड ५.१ टनांवरून ७.३ टनांवर गेली.

कारखान्याच्या हिशेबनिसाला कळेल अशाच भाषेतलं हे वैद्यकीय संशोधन आहे. दसरा झाला की बीडच्या टोळ्या ट्रकमध्ये संसार भरून निघतील. पाण्याच्या पिशवीला पेटंट लागत नाही, मांडवाला रेंज लागत नाही, आणि सुधारलेला कोयता तर धारूरचा लोहारही करून देईल.